बॅटरी कधी भरायची, कधी सोडायची? दिंडोरीच्या पॅकहाउसच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. दिंडोरी तालुक्यात तुमचं द्राक्षाचं पॅकहाउस आणि कोल्ड स्टोरेज आहे. छतावर ६०० किलोवॅट सोलर आहे. सोबत ५०० किलोवॅटची, १ मेगावॅट-तास साठवणारी बॅटरी बसवली आहे. पुरवठादाराने घड्याळ लावून दिलंय: सकाळी १० ते दुपारी २ भरायची, संध्याकाळी ६ ते ८ रिकामी करायची. तुम्ही मागच्या वर्षीच्या मीटरच्या आकड्यांवर पायथनमध्ये ऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळ्यात जास्त बचतीचं वेळापत्रक शोधणारं गणित, चालवलंत. त्यात घड्याळापेक्षा बरीच जास्त बचत दिसली, पण त्या पद्धतीने बॅटरी चालवल्यावर हाती निम्म्याच्या आसपासच आली. शिवाय राज्याच्या ग्रिडवरच्या मोठ्या बॅटऱ्यांचं शेड्यूल असंच ठरतं का, हेही विचारलंय.

मी बरीच वर्षं वीजप्रणालीच्या शेड्यूलिंगचं काम केलं. आता नाशिकमधूनच कारखाने आणि सोलर प्रकल्पांच्या साठवणुकीचं काम बघतो. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या कोडमध्ये चूक असेलच असं नाही. तुम्ही शोधताय ते उत्तम वेळापत्रक, आणि बॅटरीला लागतो निर्णयाचा नियम. वेळापत्रक सांगतं, सहा वाजता सोडा. नियम सांगतो, आत्ता सोडून जे वाचेल ते ठेवून देण्यापेक्षा जास्त असेल तर सोडा. सगळा खेळ एका आकड्याचा आहे. बॅटरीत या क्षणी पडलेलं एक युनिट तसंच ठेवलं, तर पुढे ते किती रुपयांचं ठरेल? हा आकडा दर पंधरा मिनिटांनी बदलतो, आणि तो हातात असला की भरणं-सोडणं ठरवायला वेगळं काही लागत नाही.

ही कल्पना बॅटरीबरोबर आलेली नाही. कोयनेवर ती फार आधीपासून आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, पण कृष्णा पाणीवाटप लवादानुसार पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच मिळतं. पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. संच तयार असतो, तास कितीही असतात, पाणी मोजकं असतं. म्हणून ऑक्टोबरमधल्या एखाद्या दुपारी कोयना चालवायची की नाही, हा प्रश्न खरं तर 'हे पाणी एप्रिल-मेच्या संध्याकाळी किती उपयोगी पडेल' असा असतो. पाण्याला इंधनाचा खर्च नाही, म्हणून ते फुकट आहे असं भारप्रेषण केंद्रातला, म्हणजे कुठला संच कधी चालवायचा हे ठरवणारा, कुणीही म्हणणार नाही. तुमच्या बॅटरीतल्या युनिटचंही तसंच. ते छतावरच्या सोलरमधून आलं म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही.

आता आकड्यांवर येऊ. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांचा दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांसाठी पीक, म्हणजे सर्वाधिक मागणीच्या, तासांचा दर सामान्य दराच्या किमान १.२० पट असायला हवा. प्रत्यक्ष तास आणि टक्के राज्य वीज नियामक आयोगाच्या चालू दर आदेशाप्रमाणे ठरतात, त्यामुळे हातातल्या ताज्या बिलावरूनच ते घ्या. समजण्यापुरता सामान्य दर ८ रुपये धरू. मग दुपारचा ६.४० आणि संध्याकाळचा ९.६०. वरवर बघता फरक ३.२० रुपयांचा. पण बॅटरीत घातलेलं सगळं बाहेर येत नाही. मीटरपासून मीटरपर्यंत ८५ टक्के परत मिळतात असं धरलं, तर संध्याकाळच्या एका युनिटसाठी दुपारी ६.४० भागिले ०.८५ म्हणजे ७.५३ रुपये मोजलेत. उरले २.०७. बॅटरीची झीज यातूनच निघायची आहे.

हीच बॅटरी अशा सोलरने भरली, जे दुपारी खपत नव्हतं आणि बाहेरही जात नव्हतं, तर आत घातलेल्या युनिटची किंमत जवळपास शून्य आणि संध्याकाळी वाचले पूर्ण ९.६०. एकच बॅटरी, एकच संध्याकाळ. पण दुपारी त्या युनिटला दुसरा काय मार्ग होता, यावर नफा पाचपटीच्या आसपास बदलतो.

इथेच तुमच्या माहितीत एक मोठी फट आहे, आणि तिच्याशिवाय कुणीही तुम्हाला छातीठोक उत्तर देऊ नये. तुमचं सोलर नेट मीटरिंगवर आहे का? असेल, तर दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट संध्याकाळच्या वापरातून वजा होतं, की फक्त त्याच दराच्या तासांच्या पट्ट्यातल्या वापरातून? संध्याकाळच्या वापरातून युनिटला युनिट वजा होत असेल, तर ग्रिडच तुमची बॅटरी आहे, तीही शंभर टक्के परत देणारी. मग जास्तीचं सोलर स्वतःच्या बॅटरीत घालून १५ टक्के गमावण्यात अर्थ नाही, बॅटरी फक्त मागणी आकारासाठी (महिन्यातल्या सर्वोच्च मागणीवर लागणाऱ्या आकारासाठी) राखा. पट्टे वेगळे मोजले जात असतील, किंवा उरलेल्या युनिटला वर्षअखेर किरकोळ दर मिळत असेल, तर गणित पूर्ण उलटं होतं. शेजारच्या ओझरच्या कारखान्याला लागू पडलेलं शेड्यूल तुम्हाला लागू पडेलच असं नाही, ते याच कारणाने. करारावरची तारीख आणि बिलाचं दुसरं पान, दोन्ही समोर ठेवूनच बसा.

आता बचत निम्मी का झाली, ते बघू. मला यात चार-पाच कारणं दिसतात. ती एकमेकांत मिसळलेली आहेत.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला भविष्य माहीत होतं. तुम्ही पूर्ण वर्षाचे आकडे एकत्र दिलेत, तेव्हा त्याला सकाळी दहालाच कळलेलं होतं की दुपारी साडेतीनला ढग येणार आणि संध्याकाळी सातला गाड्या उशिरा लागणार. प्रत्यक्षात दहा वाजता तुमच्या ऑपरेटरच्या हाती फक्त हवामानाचा अंदाज असतो. बचतीचा खरा अंदाज हवा असेल, तर प्रत्येक दिवसाला त्या दिवशी सकाळी उपलब्ध असलेलाच अंदाज प्रोग्रॅमला द्या, निर्णय घ्यायला लावा आणि मग खऱ्या आकड्यांवर त्याचे पैसे मोजा. अंदाज जपून ठेवलेले नसतील, तर 'कालचं ऊन म्हणजे आजचा अंदाज' एवढ्या ढोबळ अंदाजावर चालवून बघा. त्यातून मिळेल तो तळ, तुमचं सर्वज्ञ गणित म्हणजे छत. खरी बचत या दोनांच्या मधे कुठेतरी असणार.

दिंडोरीत हा फरक जास्त जाणवतो. जानेवारी-फेब्रुवारीत आकाश मोकळं असतं, अंदाज बहुतेक बरोबर येतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर अवकाळीचे ढग उठतात आणि तुमचा हंगाम नेमका तेव्हा भरात असतो. एका छतावरचं ६०० किलोवॅट सोलर एका काळ्या ढगाखाली काही मिनिटांत अर्ध्याच्याही खाली जातं. राज्यभरात पसरलेल्या प्रकल्पांची बेरीज अशी कोसळत नाही, कारण दिंडोरीवर ढग असताना सोलापुरात ऊन असतं. मोठ्या ग्रिडच्या अंदाजांची अचूकता वाचून स्वतःच्या छताकडून तीच अपेक्षा ठेवू नका.

दुसरं कारण दिवसाच्या शेवटचं. प्रोग्रॅमला दिवस रात्री १२ ला संपतो असं सांगितलं, की तो १२ वाजता बॅटरी नेहमी रिकामी करतो, कारण त्याच्या लेखी १२ नंतर युनिटला किंमतच नसते. बाराला पातळी अमुक असलीच पाहिजे अशी अट घालून काही जण यातून सुटका करतात. मला ती अट आवडत नाही, कारण ती उद्याचा विचारच करत नाही. त्यापेक्षा शिल्लक युनिटला रुपये लावा. उद्या स्वच्छ ऊन असेल आणि सोलर उरणारच असेल, तर रात्री राखलेलं युनिट जवळपास बिनकामाचं, उलट उद्या भरायला जागा अडवणारं. उद्या ढगाळ असेल, तर तेच युनिट उद्या ग्रिडमधून भरायच्या खर्चाइतकं मोलाचं.

तिसरं, कार्यक्षमता. तुम्ही ९५ टक्के धरलेत. तो आकडा सेलचा असतो, बहुधा माहितीपत्रकातून आलेला. त्यात इन्व्हर्टर दोन वेळा लागतो, जाताना आणि येताना. ट्रान्सफॉर्मरही दोनदा. आणि कंटेनरचा एसी बॅटरी नुसती बसलेली असतानाही चालू असतो. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश असताना तो किती घेतो, ते त्याच्या वेगळ्या मीटरवर बघा. वेगळा मीटर नसेल तर बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे. महिन्याभरात आत गेलेली युनिटं आणि बाहेर आलेली युनिटं यांचा भागाकार हीच तुमची कार्यक्षमता.

चौथं कारण मला प्रत्यक्ष जागेवर सर्वांत जास्त वेळा दिसतं, आणि लेखी गणितात ते जवळजवळ कधीच नसतं. स्क्रीनवरचा बॅटरीच्या पातळीचा आकडा हा अंदाज असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं. ३० टक्क्यांवर आणि ६० टक्क्यांवर त्यात इतका थोडा फरक असतो की बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला) त्यावरून पातळी ओळखता येत नाही. म्हणून तो आत-बाहेर गेलेला करंट मोजून बेरीज-वजाबाकी करतो, आणि छोटी-छोटी चूक रोज साठत जाते. एका जागी मी संध्याकाळच्या पाळीत उभा होतो. स्क्रीनवर ३४ टक्के, दोन कॉम्प्रेसर बॅटरीवर, सगळं सुरळीत. बघता बघता एका मॉड्यूलमधल्या सेलचं व्होल्टेज खाली वाकलं, आकडा ३४ वरून थेट ११ वर आला आणि इन्व्हर्टरने हात वर केले. सगळा भार एकदम ग्रिडवर गेला आणि त्या महिन्याची कमाल मागणी त्या एका संध्याकाळी ठरली. बॅटरीत काही बिघाड नव्हता. कित्येक आठवडे ती वरपर्यंत भरलीच नव्हती, कारण शेड्यूल तिला ३० ते ८० च्या मधेच खेळवत होतं. आठवड्या-दहा दिवसांनी एकदा पूर्ण भरून तिथे थोडा वेळ थांबू दिली, की सेल समतोलात येतात आणि मोजणी पुन्हा ठिकाणावर येते. नेमका कालावधी उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो. ही पूर्ण भरण तुमच्या शेड्यूलमध्ये अट म्हणून लिहा, आणि ती भरपूर ऊन असलेल्या, आवक कमी असलेल्या दिवशी ठेवा.

त्या प्रसंगावरून मागणी आकाराकडे येतो. माझ्या मते तुमच्या बॅटरीची अर्धी-अधिक कमाई तिथे असायला हवी. वीज आकार युनिटागणिक जमतो, एखादी संध्याकाळ चुकली तर एका संध्याकाळचंच नुकसान होतं. मागणी आकार महिन्यातल्या सर्वोच्च टप्प्यावर लागतो, आणि काही दर रचनांत मागच्या महिन्यांची मागणीही पुढच्या बिलात डोकावते. म्हणजे एकोणतीस संध्याकाळी नीट सांभाळून तिसाव्या दिवशी अर्धा तास बॅटरी कमी पडली, तर सगळं वाया. तुम्ही तासाच्या सरासरीचे आकडे वापरलेत. त्यात हे शिखर दिसतच नाही. मीटर ठरावीक मिनिटांच्या खिडकीत मागणी मोजतो. तुमच्या मीटरची खिडकी किती मिनिटांची आहे ते बघा आणि तितक्याच बारीक आकड्यांवर गणित करा.

आता पुरवठादाराच्या ६ ते ८ च्या घड्याळाकडे परत बघा. संध्याकाळचा महाग पट्टा चांगला लांब असतो. त्या पट्ट्यात कुठल्याही तासाला युनिट सोडलं, तरी वीज आकारातली बचत सारखीच. मग ६ लाच का सोडायचं? एकाच दराच्या तासांत कधी सोडायचं हा निर्णय पूर्णपणे मागणी आकाराकडे द्या. महिन्यासाठी एक रेष ठरवा, समजा अमुक केव्हीए. मागणी रेषेच्या वर जाईल तेवढीच बॅटरीतून भागवा. रेषेखाली असताना बॅटरी हळू सोडा, पण पाळी संपेपर्यंत रेष राखायला जेवढी ऊर्जा लागू शकते तेवढी हातची ठेवून. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: काही कारणाने पाच तारखेलाच रेष ओलांडली गेली, तर त्या महिन्यापुरती जुनी रेष जपत बसण्यात अर्थ नाही. पैसे लागले ते लागले. नवी रेष वर धरा आणि मोकळी झालेली ऊर्जा दराच्या फरकावर कमवायला लावा.

पॅकहाउसचा भार मला चांगला माहीत आहे. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत द्राक्ष तुटतं, मोहाडी-खेडगावकडून क्रेट येतात, दिवसभर निवड आणि पॅकिंग होतं आणि दुपारनंतर पॅलेट प्री-कूलिंगच्या खोल्यांत जायला लागतात. पुढचे कित्येक तास कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने. म्हणजे तुमचं शिखर नेमकं सोलर उतरताना चढतं. वीज महाग आहे म्हणून प्री-कूलिंग पुढे ढकलायचा विचार करू नका. द्राक्ष गरम राहिलं की देठ सुकून तपकिरी पडतो, आणि निर्यातीच्या मालात त्याची किंमत विजेच्या बिलापेक्षा कितीतरी मोठी आहे. पण ज्या खोल्यांत थंड झालेला माल नुसता साठवलेला आहे, तिथे हात मोकळा आहे. दुपारी सोलर भरपूर असताना त्या खोल्या परवानगी असलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला आणून ठेवा, संध्याकाळी दरवाजे बंद ठेवून त्यांचे कॉम्प्रेसर थोडा वेळ थांबवा. डीफ्रॉस्ट संध्याकाळच्या शिखरातून बाहेर काढा. दोन मोठे कॉम्प्रेसर एकाच वेळी सुरू होणार नाहीत एवढं पीएलसीमध्ये (यंत्रं चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरमध्ये) बघा. ही साठवण तुम्ही आधीच विकत घेतलेली आहे, आणि तिची झीज होत नाही. बॅटरीचं शेड्यूल यानंतर उरलेल्या भारावर काढा. मात्र फळाच्या गाभ्याचं तापमान किती वर-खाली चालेल, हे तुमच्या गुणवत्ता विभागाने लिहून दिल्याशिवाय त्याला हात लावू नका.

मग नियम काढायचा कसा? मी साधी पद्धत वापरतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक घ्या. बॅटरीची पातळी ५ टक्क्यांच्या पायऱ्यांत, म्हणजे २१ पातळ्या. हवामानाचे तीन प्रकार: स्वच्छ, मधून-मधून ढग, पूर्ण ढगाळ. आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याची शक्यता मागच्या दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून. एकूण सहा हजारांच्या आसपास चौकटी होतात. सुरुवात रात्री १२ पासून करा, तिथे शिल्लक युनिटला वर सांगितलं तसे रुपये लावा, आणि एक-एक ब्लॉक मागे या. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: भरलं, सोडलं किंवा काहीच केलं नाही, तर या ब्लॉकचा खर्च अधिक पुढच्या चौकटीची सरासरी किंमत, यात स्वस्त काय? सकाळपर्यंत मागे आलात की पूर्ण तक्ता तयार. साध्या लॅपटॉपवर हे काही सेकंदांत होतं. तक्त्यात शेजारच्या दोन पातळ्यांच्या किमतींतला फरक म्हणजेच त्या वेळचं साठवलेल्या युनिटचं मोल.

तुमची ऑप्टिमायझेशनची पद्धतच ठेवायची असेल, तर तीही चालेल, पण सरकत्या खिडकीने. दर पंधरा मिनिटांनी पुढच्या चोवीस-तीस तासांचं गणित ताज्या अंदाजाने आणि ताज्या पातळीने पुन्हा सोडवा, फक्त पहिल्या ब्लॉकचा निर्णय अमलात आणा, बाकी सगळं फेकून द्या. आणि एका अंदाजाऐवजी तीन-चार शक्यता एकत्र द्या. नाहीतर प्रोग्रॅम सरासरी दिवसासाठी शेवटच्या युनिटपर्यंत काटेकोर योजना करतो आणि वाईट दिवशी उघडा पडतो. दोन्ही पद्धतींचं उत्तर तुमच्या आकाराच्या प्रकल्पाला जवळपास सारखं येतं. मला तक्ता आवडतो, कारण तो छापून कंट्रोल रूममध्ये लावता येतो आणि रात्रपाळीचा ऑपरेटर तो वाचू शकतो. नेट बंद पडलं तरी तक्ता चालतो.

झिजेबद्दल. बॅटरीची किंमत भागिले एकूण सायकल (एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण भरून पूर्ण सोडणं), असं करून प्रत्येक युनिटवर झिजेचा भार टाकायची पद्धत सर्रास आहे. ६,००० सायकलची बॅटरी आणि १५ वर्षांचं आयुष्य असेल, तर रोज एक सायकल केली तरी १५ वर्षांत ५,४७५ सायकल होतात. म्हणजे तुमची बॅटरी वापराने मरायच्या आधी वयाने मरणार. अशा वेळी रोजच्या पहिल्या सायकलवर पूर्ण झीज लादली, तर प्रोग्रॅम फायद्याचे सौदे सोडून देतो आणि बॅटरी बसून म्हातारी होते. पहिल्या सायकलला थोडीशी झीज लावा, दिवसातल्या दुसऱ्या सायकलला पूर्ण. वॉरंटीत वर्षाला किती सायकल किंवा किती ऊर्जा आहे ते मात्र आधी वाचा. ती मर्यादा असेल, तर वर्षभरातल्या सायकल कोयनेच्या पाण्यासारख्याच वाटाव्या लागतील, जास्त मोलाच्या हंगामाला जास्त.

आणि हंगाम संपल्यावर? मे-जूननंतर तुमचा भार पडतो. तेव्हा कित्येक जण बॅटरी शंभर टक्के भरून ठेवतात, अडीअडचणीला असावी म्हणून. पूर्ण भरलेली आणि गरम, ही सेलसाठी सगळ्यात वाईट अवस्था. उत्पादकाचं वेगळं सांगणं नसेल, तर निम्म्याच्या आसपास ठेवा आणि अधूनमधून फिरवा.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. राज्याच्या ग्रिडवर तत्त्व हेच, पण तीन गोष्टी वेगळ्या असतात.

पहिली, मोठी बॅटरी स्वतःच भाव हलवते. दुपारी वीज स्वस्त का होते? सोलर जोरात असतं आणि कोळशाचे संच एका मर्यादेखाली उतरत नाहीत. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचे संच २१० मेगावॅटचे आहेत. ५५ टक्के किमान भार धरला, तर एक संच ११५ मेगावॅटच्या खाली जात नाही, आणि संध्याकाळी लागणार म्हणून तो बंदही करता येत नाही. तुमच्या अर्ध्या मेगावॅटने या चित्रावर ओरखडाही उठत नाही. पण हजारो मेगावॅट साठवण दुपारी भरायला लागली, की दुपारचा भाव वर येतो, संध्याकाळचा खाली येतो, आणि शेवटच्या बॅटरीला पहिल्या बॅटरीइतकं मिळत नाही. म्हणून ग्रिडवर एकेका बॅटरीचं वेगळं शेड्यूल काढून चालत नाही. औष्णिक संच, जलविद्युत, उदंचन (शिल्लक विजेवर पाणी वरच्या तलावात चढवून नंतर त्यातून वीज करणं) आणि मागणी सगळं एकत्र सोडवावं लागतं. भंडारदऱ्याकडे फिरायला जाता तेव्हा जवळच घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांमागची मूळ कल्पना रात्रीच्या शिल्लक औष्णिक विजेवर पाणी वर चढवायची. सोलर वाढल्यापासून उपसा करायची सोयीची वेळ दुपारकडे सरकली. यंत्र तेच, फक्त वरच्या तलावातल्या पाण्याचं मोल दिवसाच्या वेगळ्या वेळी ठरायला लागलं. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या योजनेकडेही मी याच नजरेने बघतो. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याची बिबट्याच्या भीतीत रात्री पाणी भरायची वेळ टळते, हा पहिला फायदा. आणि ग्रिडच्या बाजूने बघितलं, तर जो भार दुपारी हलवता आला, त्याच्यासाठी बॅटरी लागतच नाही.

दुसरी, तीच ऊर्जा दोनदा विकता येत नाही. ग्रिडवरच्या बॅटरीला भावाच्या फरकाशिवाय राखीव क्षमतेचंही काम असतं. आपल्या ग्रिड संहितेत वारंवारतेचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. मोठा संच अचानक बंद पडला, तर बॅटरी सेकंदाच्या आत हात देऊ शकते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या हॉर्न्सडेलच्या १०० मेगावॅट बॅटरीने हे जगाला दाखवलं. पण हात द्यायचा तर आत ऊर्जा शिल्लक हवी, आणि वारंवारता वाढली तर ओढून घ्यायला जागाही हवी. म्हणून राखीव सेवेत असलेली बॅटरी पूर्ण भरलेलीही नको आणि पूर्ण रिकामीही नको. शेड्यूलमध्ये ही वरची-खालची पट्टी आधी कापून ठेवतात, उरलेल्यात सौदे करतात.

तिसरी, दुरुस्तीची संधी. आदल्या दिवशी ९६ ब्लॉकचं शेड्यूल दिलं जातं. पण १ जून २०२० पासून विजेचा रिअल-टाइम बाजार आहे. त्यात दर अर्ध्या तासाला लिलाव होतो, म्हणून अंदाज चुकला तर काही वेळातच सावरता येतं. त्यामुळे व्यवहारात आदल्या दिवशीच्या बाजारात ठोस तेवढंच बांधून घ्यायचं आणि अनिश्चित भाग पुढच्या लिलावांसाठी मोकळा ठेवायचा, अशी विभागणी करतात. या दोन्ही नेहमीच्या बाजारांत २०२३ पासून कमाल भाव युनिटला १० रुपये आहे. ही मर्यादाही गणितात येते, कारण टंचाईच्या संध्याकाळी राखून ठेवलेल्या युनिटला तिथे त्याहून जास्त मिळणारच नसतं. आपल्या राज्यात पावसाळ्यात सोलर पडतं आणि साताऱ्याच्या वनकुसवडे, धुळ्याच्या ब्राह्मणवेल पट्ट्यात वारा जोर धरतो. तेव्हा भावाचा आकार दुपार-संध्याकाळ असा ठरावीक राहत नाही आणि घड्याळावर चालणारी बॅटरी चुकीच्या वेळी भरत बसते. तक्त्यावर चालणारी नाही बसत.

तुमच्याकडे आत्ता लगेच करण्यासारखं म्हणाल, तर घड्याळ पूर्ण काढून टाकायची घाई नको. भरणं सोलर उरतंय तेव्हाच होऊ द्या, सोडणं मागणीच्या रेषेवर बांधा, आणि आठवड्यातून एक पूर्ण भरण लावा. एवढ्यानेच पुढच्या बिलात फरक दिसायला हवा. त्यानंतर तक्ता करायचा असेल, तर या गोष्टी इथे टाका: गेल्या द्राक्ष हंगामातले पंधरा मिनिटांचे मीटरचे आकडे, बॅटरीत गेलेली आणि बाहेर आलेली महिन्याची युनिटं, नेट मीटरिंग कराराची तारीख, बिलाचं दुसरं पान (ग्राहक क्रमांक झाकून), आणि वॉरंटीतलं सायकलचं कलम. नेट मीटरिंगचं उत्तर आधी सांगा. बाकीचं कशावर बेतायचं ते त्यावरच ठरणार आहे.